आटण्याची सूट

शिरोलीच्या फौंड्रीत, प्लॅनिंगच्या टेबलावर,
अकरा महिने मी एक तक्ता रंगवला.
पुण्याच्या गिऱ्हाइकाचं पंपाचं हाऊसिंग,
भिंत कुठे कुठे जेमतेम सहा मिलिमीटर.
हिरवं म्हणजे झालं. पिवळं म्हणजे होतंय.
लाल पेन माझ्या खणात होतं,
त्याचं टोपण मी काढलं नाही.

पॅटर्न शॉपमधले दस्तगीर शिकलगार
पहिल्याच आठवड्यात ड्रॉइंग उजेडाला धरून म्हणाले,
"सायेब, भित्त लई बारीक हाय ही.
लोखंड फिरायच्या आधी गोठंल.
आन् आटायची सूट कुठं धरलीया?"
म्हणालो, मीटिंगमध्ये मांडतो.

मीटिंगमध्ये गरम सामोसे होते.
मालक म्हणाले, दिवाळीपर्यंत, काय?
आणि आम्ही सातजण
तोंड पुसत म्हणालो,
होईल की.

दिवाळी झाली. संक्रांतही.
तक्त्यावर नव्वद टक्के,
पाच महिने नव्वद टक्के,
जणू ते एखादं गाव होतं आणि आम्ही तिथे राहायला गेलो होतो.

फेब्रुवारीत सतरा नग ओतले.
सतराच्या सतरा भंगारात.
काहींना भोकं, काही अर्धवट,
एकाची भिंत तर अशी, की पलीकडचा ट्रक दिसत होता.
त्याच आठवड्यात रमजान लागला.

दुपारी चारला मी पॅटर्न शॉपमध्ये गेलो.
चहाचा पोरगा दस्तगीरभाईंना वगळून पुढे सरकला.
भट्टीच्या अंगाकडून वाऱ्याला झळ होती.
मी कप घेतला, मग तो कुठे ठेवावा कळेना,
म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
"नव्वद टक्के झाला असेल की रोजा?"

ते सागवानावर रंधा मारत राहिले.
"रोज्याला टक्के नसत्यात, सायेब."

बऱ्याच वेळानं,
"तोंड धुताना पाणी पार व्हटापर्यंत येतंय.
तितं कोण बगतंय? कोण न्हाई.
तितंच खरा रोजा असतोय."

मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.
"आन् सूट हाय की. आजारी माणसाला हाय,
परगावी जाणाऱ्याला हाय.
मागच्या साली मला मुतखडा झाला, चार सुटलं.
म्हणून काय धरलं असं सांगत फिरलो न्हाई.
आमच्या मेहरूननं क्यालेंडरावर चार फुल्या मारल्या,
थंडीत एकेक करून फेडलं."

चार फुल्या.
माझ्या तक्त्यावर एकही नव्हती.
चुकलेलं आम्ही पिवळं करायचो,
राहिलेलं पुढच्या महिन्यात ढकलायचो,
आणि दर सोमवारी पोटभर होय म्हणायचो.

सहा वाजून एकेचाळीस.
वर्तमानपत्रावर खजूर, कापलेलं कलिंगड, पाण्याचा तांब्या.
भिंतीवर मशिदीचं छापील वेळापत्रक: सहा बेचाळीस.
तहानेनं त्यांचे ओठ पांढुरके पडले होते,
खजूर बोटांत होता,
आणि त्या एका मिनिटासाठी
कुणी कुणाला फोन करून मुदत मागत नव्हतं.

अजान झाली. अर्धा खजूर त्यांनी मला दिला.
मी तर दिवसभर खाल्लेलं होतं. तरी घेतला.

निघताना त्यांची पट्टी हातात आली,
पॅटर्नवाल्यांची, पितळी, कडा झिजलेली.
माझ्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली,
त्यांचा मीटर दहा मिलिमीटरनं लांब.
"चुकीची आहे ही," मी म्हणालो.
"न्हाई वो," तांब्या खाली ठेवत ते म्हणाले,
"पुढं जे आटणार हाय
ते आधीच कबूल केलंया तिनं."

आज मालकांनी पुन्हा विचारलं,
नवं काम आहे, गणपतीपर्यंत, काय?
सामोसे आले. सहाजण होय म्हणाले.
मी खण उघडून टोपण शोधतोय,
आणि जीभ टाळूला चिकटलीये.